हर्सूल ते गौताळा, वाटेत एक स्थळ

बाईमाणूस स्वतः स्थळ पाहायला जाणार, आणि तेही सायकलवर, हे ऐकून माझी मावसबहीण कुसुम फोनवर इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं रेंज गेली. मग ती म्हणाली, "नलू, तुला येड लागलं का गं?"

कुसुम गंगापूरला असते. हे स्थळ तिनेच आणलेलं. देवगाव रंगारीचे दिनकरराव. वय माझ्याहून थोडं जास्त. शेती आणि गावात खतं-बियाण्यांचं दुकान. मुलगी नाशिकला दिलेली, बायको चार वर्षांपूर्वी आजारपणात गेलेली. घरात ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण. कुसुमच्या घरी एका बारशाला आमची समोरासमोर गाठ घालून दिली गेली होती. तिथे आम्ही दोघं मिळून पावसाबद्दल चार वाक्यं बोललो आणि पेढा खाल्ला. त्यानंतर त्यांचा निरोप आला की त्यांच्याकडून हो आहे, बाईंनी संक्रांतीपर्यंत काय ते कळवावं.

मी एक्कावन्न वर्षांची आहे. संभाजीनगरला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. आई होती तोवर लग्नाचा विषय निघाला की मी आईकडे बोट दाखवायचे आणि आई माझ्याकडे. दोघींचं बरं चाललं होतं. गेल्या दिवाळीच्या आधी ती गेली. तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी लॅब बंद झाली की सोमवारी पहिल्या पेशंटला "मूठ आवळा" म्हणेपर्यंत कधीकधी माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. याला एकटेपणा म्हणतात. दुसरं काही गोंडस नाव शोधून मी पाहिलं, सापडलं नाही.

त्याच वर्षात मी सायकल घेतली. ग्रॅव्हल बाईक म्हणतात तिला. दिसायला शर्यतीच्या सायकलसारखी, बोकडाच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, पण टायर जाड. खडी, माती, गवत, नाल्याचं पात्र, कशालाही नाही म्हणत नाही. हर्सूल तलावापासून निघायचं, शक्यतो डांबर टाळत डोंगराच्या अंगाने जायचं, आणि जंगलं आणि धरणं एकाला एक जोडत कन्नडच्या पुढे गौताळ्याच्या अभयारण्यापर्यंत पोचायचं, अशी वाट मी कित्येक दिवस मनात आखून ठेवली होती. सायकलवाल्या दोघी मैत्रिणी येणार होत्या. एकीच्या सुनेचे दिवस भरले आणि दुसरीचा गुडघा सुजला. राहिले मी. नकाशा पुन्हा पाहिला तर देवगाव रंगारी त्या वाटेपासून थोडंसंच बाजूला होतं.

"मी स्थळ पाहायला चालले नाही," कुसुमला सांगितलं. "मी धरणं पाहायला चाललेय. स्थळ वाटेत आहे."

"आन् ते लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. बघण्याच्या कार्यक्रमात पोहे मी करायचे नाहीत, एवढं मात्र नक्की."

हर्सूल ते खुलताबाद

जानेवारीतली सकाळ. हर्सूलच्या तलावावर धुकं होतं आणि काठावर फिरायला आलेली माणसं कानटोप्या घालून एकमेकांना जोराजोरात साखरेचे आकडे सांगत होती. त्यांतले निम्मे आकडे आमच्याच लॅबमधून आलेले असणार. ओळख निघून गप्पा वाढायच्या आत मी जटवाड्याचा रस्ता धरला.

जटवाड्याच्या पुढे डोंगर जवळ येतो आणि मातीची वाट सुरू होते. आपल्याकडच्या जंगलाचा बाहेरच्या लोकांना नेहमी विरस होतो. हिरवंगार काही नाही. खुरटा साग, धावडा, मध्येच पळस, आणि वनखात्याने हौसेने लावलेली गिरिपुष्पाची झाडं. गवत वाळून पिवळं झालेलं. पण अशा वाळल्या जंगलातून सायकल चालवण्यात एक सुख आहे. टायरखाली खडी करकरत राहते, उन्हाला धार नसते, आणि वळणावर मोर निघाला तर त्याचीही दचकून पळता भुई थोडी होते आणि आपलीही. माझी जरा जास्तच झाली, कारण मी हँडलसकट बोराटीच्या झुडपात गेले.

तिथेच काटा रुतला. या टायरांमध्ये ट्यूब नसते, एक पांढरा चिकट द्रव भरलेला असतो. भोक पडलं की तो बाहेर येतो आणि थोड्या वेळाने घट्ट होऊन भोक बुजवतो. मी सायकल उताणी करून चाक फिरवत बसले होते. बाजूला शेळ्या चारणारी एक बाई काठीवर हनुवटी टेकवून हे पाहत उभी राहिली.

"सायकलीला दूध सुटलं का वं?" तिने विचारलं.

"हो ना," मी म्हटलं. "आता थांबेल."

"कुठून आल्या?"

"संभाजीनगरहून."

"एकट्याच हायेत व्हय?"

"एकटीच."

तिने माझ्याकडे, मग मागच्या वाटेकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "घरी कोन हाय?"

"कुणी नाही."

"आगं माय," ती म्हणाली, आणि कमरेच्या फडक्यातून मूठभर बोरं काढून माझ्या हातावर ठेवली. लॅबमध्ये मी रोज चाळीसेक माणसांना सुई टोचते. कुणी मला "घरी कोण" असं विचारत नाही. विचारलं असतं तरी मी खोटं सांगितलं असतं. इथे डोंगरात एका अनोळखी बाईला खरं सांगून टाकलं आणि बरं वाटलं. बोरं आंबट होती.

सुलीभंजनचा चढ मी निम्मा चालवला आणि निम्मा सायकल ढकलत चढले. वर वारा होता आणि खाली दौलताबादपर्यंतचा मुलूख पसरलेला. मग उतार, आणि खुलताबाद. वेशीपाशी एक म्हातारे चाचा पेरू विकत बसले होते. पेरू कापून मीठ-तिखट लावता लावता त्यांनी तोच प्रश्न आपल्या भाषेत विचारला.

"अकेलेच आए क्या बेटा?"

"हौ चाचा."

"कायकू? कोई नै आया संगात?"

"कोई नै."

"तो फिर एक पेरू और लेव," ते म्हणाले, "अकेले आदमी को भूक जादा लगती."

हे वैद्यकशास्त्रात कुठे लिहिलेलं नाही, पण मी दुसरा पेरू खाल्ला.

मुक्काम भद्रा मारुतीजवळच्या एका भक्तनिवासात होता. खोलीत दोन पलंग. एकावर मी बसले आणि दुसऱ्यावर हेल्मेट ठेवलं. बाहेर एक कुटुंब व्हरांड्यात डबे उघडून जेवत होतं. चटणी कुणी विसरलं यावरून त्यांचं भांडण चालू होतं आणि ते भांडण मला फार आवडलं. मी दाराशी खुर्ची ओढून ते शेवटपर्यंत ऐकलं. मग दार लावून घेतलं आणि दिनकररावांना फोन केला की उद्या दुपारपर्यंत टाकळीच्या धरणावर पोचेन, तिथून देवगावला येईन.

"मी येतो न्यायला धरणावर," ते म्हणाले. "रस्ता चुकतो तिथं."

चुकत नाही, माझ्याकडे नकाशा आहे, असं ओठांवर आलं होतं. पण न्यायला येतो असं मला पुष्कळ दिवसांत कुणी म्हणालं नव्हतं. "बरं," मी म्हटलं.

टाकळीचं धरण

म्हैसमाळच्या अलीकडून जंगलातली एक वाट खाली उतरते. गुरांच्या खुरांनी उखडलेली, मध्ये गवत आणि दोन बाजूंना चाकोऱ्या. चाकोरी सोडायची नाही हे सायकलवाल्याने पहिल्यांदा शिकायचं असतं. मी मात्र सगळ्या वाटेत दिनकररावांना काय बोलायचं याची तयारी करत होते, त्यामुळे दोनदा चाकोरी सोडली आणि एकदा घसरून पडले. कोपर खरचटलं. पाहुण्यांकडे जाताना माणसं पावडर लावतात, मी आयोडीन लावलं.

जंगल संपलं की कापसाची रानं लागतात. वेचणी उरकलेली, पऱ्हाट्या उभ्या. मग कांदा, ऊस, मध्येच ज्वारी. आमच्या आजोळी, गंगापूरकडे, ज्वारी अजून पोटरीत असली, कणीस बाहेर पडलेलं नसलं, तर इकडे हुरड्यावर आलेली असते. बांधावरची माणसं हात वर करून ओरडायची, "ओ बाई, कुठं?" मी "देवगाव!" म्हणून ओरडायचे. कुणाकडे, असं त्यांनी विचारायच्या आत पुढे गेलेली असायचे.

धरण अचानक दिसतं. मातीच्या भिंतीवर चढलात की समोर एकदम पाणी. जानेवारीत ते बऱ्यापैकी भरलेलं असतं, कडेकडेने थोडं ओसरून गाळ उघडा पडलेला. शेकाटे पक्षी लांब लाल पायांनी त्या गाळात असे चालत होते की जणू नवी साडी भिजेल. पलीकडे चक्रवाकाची जोडी होती, भगव्या रंगाची. रात्री ही जोडी ताटातूट होऊन दोन काठांवरून एकमेकांना हाका मारते असं म्हणतात. मी त्या दोघांकडे जरा रागानेच पाहिलं. निदान हाक मारायला कुणीतरी पलीकडच्या काठावर होतं.

दिनकरराव भिंतीवर मोटरसायकल लावून उभे होते. पांढरा सदरा, आणि पँट गुडघ्यापर्यंत ओली. हात जोडून म्हणाले, "या. रस्ता सापडला का..." आणि अडकले. ताई म्हणणं सोयीचं नव्हतं, नुसतं नलिनी म्हणायचा धीर नव्हता. "...मॅडम," त्यांनी वाक्य पुरं केलं.

"सापडला," मी म्हटलं. "तुम्ही भिजलात?"

"जरा पाण्यात उतरलो होतो." थर्मासमधून त्यांनी चहा ओतला. मग माझ्या कोपराकडे पाहून खिशातला रुमाल काढला, तो स्वच्छ आहे का ते उलटसुलट करून पाहिलं, आणि परत ठेवला. तेवढ्यात मला माणूस आवडला. हे असं लिहायला लाज वाटते, पण झालं ते असं.

मग त्यांनी मला रस्ता दाखवायचं ठरवलं. म्हणजे मोटरसायकलवर पुढे ते, मागे मी. माझ्या वेगाने जायचं म्हणून ते इतके सावकाश चालवत होते की गाडी डुलत होती, दोन्ही पाय जमिनीला टेकत होते आणि धूळ सगळी माझ्या तोंडावर. "पुढे व्हा!" मी ओरडले, तर त्यांना वाटलं मी दमले. ते आणखी हळू झाले. देवगावात शिरले तेव्हा माझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

देवगाव रंगारी

दाराशी त्यांची बहीण उभी होती. सगळे तिला अक्का म्हणतात. सत्तरीची, सडपातळ, पदर घट्ट खोचलेला. तिने भाकरीचा तुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि माझ्या सायकलच्या चड्डीकडे अजिबात पाहिलं नाही. एवढं सौजन्य मी शहरातही पाहिलेलं नाही.

सायकल मी अंगणातल्या ट्रॉलीला टेकवली आणि बाहीला हिरवा रंग लागला. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर एक पट्टा नुकताच रंगवलेला, ओला होता. बाकी सगळी ट्रॉली जुनी, गंजलेली. दिनकररावांनी धावत जाऊन रॉकेलचा बोळा आणला आणि "सॉरी मॅडम" म्हणत बाही पुसू लागले. फक्त एवढाच पट्टा का रंगवला, हे विचारावं असं मला वाटलं, पण त्यांची तारांबळ पाहून गप्प बसले.

संध्याकाळी त्यांच्या रानात हुरडा होता. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी, त्यात कोवळी कणसं भाजायची आणि हातावर चोळायची. दाणे हिरवे, गरम, दुधाळ. सोबत खोबऱ्याची चटणी, गूळ, दही. शेजारची एक सूनबाई कणसं चोळत होती. मी चटणीची तारीफ केली.

"सुमनवैनीच शिकवून गेल्या," ती सहज म्हणाली, "त्यायच्या हातची तर..." आणि थांबली. अक्काने तिच्याकडे पाहिलं होतं. सूनबाईने मान खाली घातली आणि उरलेलं वाक्य कणसाबरोबर चोळून टाकलं.

सुमन म्हणजे दिनकररावांची गेलेली बायको. एवढ्या वेळात त्या घरात तिचं नाव कुणीच घेतलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. भिंतीवर फोटो नव्हता. ट्रॉलीवरच्या हिरव्या पट्ट्याखाली काय लिहिलेलं असणार तेही कळलं. आपल्याकडे ट्रॉलीवर देवाचं नाव असतं नाहीतर घरच्या लक्ष्मीचं.

"दिनकरराव," मी सरळ विचारलं, "सुमनताईंचं नाव घ्यायचं नाही असं ठरलंय का?"

ते गोंधळले. आगटीतली राख काडीने सारखी करत म्हणाले, "तुमाला अवघडल्यासारखं होऊ नाही म्हणून. तुम्ही शिकलेल्या, शहरातल्या. पहिलीच्या खुणा घरभर पाहून कोणत्या बाईला बरं वाटंल?" मग चांगलं काम केल्याच्या सुरात, "टाक पण सोडला. आज सकाळीच, धरणात. तुमच्या गळ्यात ते लोढणं नको."

टाकाबद्दल इथे सांगायला हवं. चांदीच्या छोट्या पत्र्यावर गेलेल्या माणसाची आकृती ठोकून घेतात आणि ती देव्हाऱ्यात ठेवतात. आमच्याकडच्या कित्येक घरांत अजून अशी रीत आहे की माणसाने दुसरं लग्न केलं तर दुसरीने पहिलीचा टाक गळ्यात बांधायचा. पहिलीला मान राहतो आणि ती दुसरीला त्रास देत नाही, असा समज. माझ्या आईच्या एका मावशीच्या गळ्यात असा टाक मी लहानपणी पाहिला होता. मावशी आंघोळीलाही तो काढत नसे.

माझ्यासाठी म्हणून त्यांनी सुमनला पाण्यात सोडलं होतं. ओल्या पँटीचा उलगडा झाला. त्यांचा हेतू चांगला होता, त्यात शंकाच नाही. पण हातावरचा हुरडा मी खाली ठेवला. मी काही मागितलं नव्हतं आणि माझ्या नावावर एका बाईला घराबाहेर काढलं गेलं होतं. अक्का आगटीच्या पलीकडे बसली होती. तिने एकही दाणा तोंडात टाकला नव्हता.

"कशा होत्या त्या?" मी विचारलं.

"कोण?"

"सुमनताई."

आधी त्यांनी "चांगली होती" एवढंच म्हटलं. मग म्हणाले, तिला पोहता येत नव्हतं पण धरणावर जायची लई हौस. मग म्हणाले, बी पेरायच्या आधी ती प्रत्येक पोत्यातले चार दाणे खाऊन बघायची. मग सांगतच गेले. त्यांचा चेहरा उजळला, हात हलायला लागले, मॅडम म्हणायचं विसरले. मी ऐकत होते. असं कुणाबद्दल कुणी बोलताना मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं.

झोपताना अक्काने माझं अंथरूण आपल्या शेजारी घातलं. "तुझ्यासाठी केलं त्यानं," ती अंधारात म्हणाली. तुम्हीवरून ती तूवर आली होती. "तू वाईट मानू नको. पण मला इचारलं नाय. रोज सकाळी देवपूजेला बसला की टाकाशी बोलायचा तो. पेरणीचं, पावसाचं, पोरीच्या सासरचं. मी चुलीपाशी बसून ऐकायची. आज सकाळी देव्हारा गप्प व्हता बघ."

गौताळा

सकाळी अक्काने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दिनकरराव वेशीपर्यंत सोडायला आले, या वेळी पायी. डोळे तांबारलेले दिसले, पण थंडी होती, मी काही विचारलं नाही.

"संक्रांतीपर्यंत सांगा," ते म्हणाले. "घाई नाय."

"आजच सांगते. जंगलातून बाहेर पडले की."

"जपून जा. बिबट्या हाय तिकडं."

कन्नडला चहा घेऊन मी गौताळ्याच्या वाटेला लागले. फाटकावरच्या वनरक्षकाने सोबत कोण म्हणून विचारलं, कुणी नाही म्हटल्यावर मान हलवून दिवस मावळायच्या आत बाहेर पडायला बजावलं. आतला रस्ता अर्धा डांबरी, अर्धा उखडलेला. मी मातीच्या फाट्यांनी गेले. इथला साग उंच आहे. पानं गळायला लागली होती आणि टायरखाली पापडासारखी मोडत होती. एक भेकर रस्ता ओलांडून गेलं. दूर वानरं ओरडत होती. त्याशिवाय माणसाचा आवाज नाही. बिबट्या दिसला नाही. खरं सांगायचं तर दुपारपर्यंत मला त्याचीही सोबत चालली असती.

गौताळ्याच्या तळ्यापाशी मी थांबले. तळं लहान, काठावर शेवाळ, मध्ये आभाळ. धपाटे काढले आणि खाता खाता विचार केला, म्हणजे खरंच केला.

काल रात्रीपासून माझ्या मनात राग होता. सोयीचं नसलं की बाईचं नाव रंगाखाली जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. उद्या माझंही जाईल. इथपर्यंत आले की नाही म्हणायचं पक्कं व्हायचं. पण मग अक्काचं बोलणं आठवायचं. चार वर्षं तो माणूस चांदीच्या पत्र्याशी रोज पेरणीचं आणि पावसाचं बोलत होता. ज्या घरात गेलेल्या बाईशी इतकं बोलतात, तिथे जिवंत बाईशी काय कमी बोलतील? माझ्या घरात भाजी करपली तरी सांगायला कुणी नाही. मला बोलायला माणूस हवं आहे. मला न्यायला येतो म्हणणारं कुणी हवं आहे. हे कबूल करायला मला हर्सूलपासून गौताळ्यापर्यंत सायकल चालवावी लागली.

आणि टाक? तो मी बांधला असता. आनंदाने. दोन बायकांनी एका घरात राहायचं म्हणजे भांडणं होणार, पण त्यातली एक आधीच शांत झालेली. माझी अट एवढीच, की नवा टाक करून आणा, ट्रॉलीवरचं नाव परत लिहा, आणि मला मॅडम म्हणू नका. हे मी मोठ्याने बोलून पाहिलं. समोरच्या पाणकावळ्याने ऐकून घेतलं. मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी एकटीच असताना मी हसले.

तळ्यापाशी रेंज नव्हती. म्हणून चढ चढून वर आले, तिथे मोबाईलने दोन रेघा दाखवल्या. छाती धडधडत होती, ती चढामुळे असं मी स्वतःला सांगितलं. दिनकररावांना फोन लावला. उचलला अक्काने.

"अक्का, मी नलिनी. दिनकरराव आहेत?"

"फोन घरीच टाकून गेलाय. धरणावर हाय तो."

"धरणावर?"

"तुला वेशीला सोडलं आन् तसाच तिकडं गेला. मासेवाल्या भोयांना गोळा केलंय. सकाळधरनं जाळी टाकून ऱ्हायलेत पाण्यात. टाक हुडकायलेत." तिचा आवाज चिरकला. "काल तू इचारलंस ना सुमनचं, तवापासून झोपला नाय. सारखं एकच म्हनतो, मी तिला पाण्यात ढकललं अक्का, तिला पवता येत नव्हतं. मला लगीन नको, मला काय बी नको, ती घरात पाहिजे. लहान लेकरावानी रडतो. मला तोंड नाय गं तुझ्याशी बोलायला. आमीच निरोप धाडला आन् आमीच..."

मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. खाली सागाच्या शेंड्यांवर ऊन होतं. माझ्या तोंडात सगळी वाक्यं तयार होती, अटींसकट. ती मी तशीच ठेवली. माणूस पाण्यात बायको शोधत असताना काठावरून हो म्हणून ओरडायचं नसतं.

"अक्का," मी म्हटलं, "तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. मी नाही म्हणायलाच फोन केला होता."

"खरंच का बाई?"

"खरंच. मला नाही जमणार गावाकडे. नोकरी आहे, सायकल आहे. तुम्हीच त्यांना सांगा, माझ्याकडून नाही आहे. त्यांना वाईट वाटायला नको."

तिने मोठा श्वास सोडला. सुटल्याचा होता. "देव तुझं भलं करो," ती म्हणाली. "धपाटे खाल्लेस का?"

"खाल्ले. फार चांगले झाले होते."

फोन ठेवल्यावर मी रडले. तिथे कुणी नव्हतं, त्यामुळे चांगलं मोठ्याने रडता आलं. मग चेन तपासली, ब्रेक तपासले आणि उतार धरला. दिवस मावळायच्या आत बाहेर पडायचं होतं. कन्नडच्या स्टँडवर काळीपिवळीवाल्याने सायकल टपावर बांधली आणि एका सीटचे पैसे जास्त मागितले. म्हणाला, "ती बी शिटच हाय, पाय पसरून बसलीय." मी घासाघीस केली नाही. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, एकट्याच का. मी हो म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

ही वाट ज्यांना करायची असेल त्यांनी डिसेंबर-जानेवारीत करावी. पाण्याच्या दोन बाटल्या जास्त घ्याव्यात, काट्यांचं औषध, म्हणजे टायरातला तो पांढरा द्रव, बरोबर ठेवावं, आणि सुलीभंजनच्या चढाला लाजू नये, ढकलत चढावं. धरणावर दुपारी पोचलात तर पक्षी भिंतीच्या पश्चिमेला दिसतात.

संक्रांतीला कुसुम तिळगूळ घेऊन आली. टाक सापडला नाही म्हणे. पाण्यात गेलेली चांदी कुठली सापडते. अक्काने सोनाराकडून नवा करून घेतला, दिनकरराव रोज पूजेला बसतात, आता बरे आहेत. "तुझंच शहाणपण कामी आलं," कुसुम म्हणाली. "तू नाही म्हनलीस ते बरं केलंस. नायतर तो टाक गळ्यात बांधून फिरावं लागलं असतं, या वयात."

"हो ना," मी म्हटलं, आणि तिच्यासाठी चहा टाकला.